तीन कुलपांची पेटी

अरविंद गेल्याची बातमी मला इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळली. आखातातल्या या सालमियात त्याच्या बिल्डिंगपासून माझी बिल्डिंग चालत दहा मिनिटांवर, तेवीस वर्षांची मैत्री, आणि बातमी कळली ती कुणाच्या तरी नातीच्या वाढदिवसाच्या केकच्या फोटोखाली. सुनंदावहिनींचे चार मिस्ड कॉल येऊन गेले होते. मी बँकेत मीटिंगमध्ये, फोन उलटा ठेवलेला. सकाळी आंघोळ करून आला, चहा मागितला, आणि चहा कपात गाळून होईपर्यंत अरविंद खांबेटे नव्हता. ग्रुपवर हात जोडल्याच्या चित्रांची रांग लागली. मी ती रांग बघत बसलो. याच ग्रुपवर तीन वर्षांपूर्वी मी एक फोटो टाकला होता. त्या फोटोबद्दल लिहायचं म्हणून हा लेख. नाहीतर अरविंद किती चांगला होता हे सांगायला माझी काही गरज नव्हती, ते चाळीस जणांनी त्याच दिवशी लिहून टाकलं.

अरविंद मूळचा नाशिकचा, पेट्रोकेमिकल प्लांटमध्ये सेफ्टी इंजिनिअर. ही जमात मुळातच संशयी, पण अरविंद म्हणजे कहर. कुणाकडे जेवायला गेला की नमस्काराआधी स्वयंपाकघरात डोकावून गॅसची नळी कधी बदलली ते विचारायचा. पार्किंगमधून पार्किंगमध्ये गाडी हलवायची तरी पट्टा लावायचा. मी त्याला 'यमाचा सेक्रेटरी' म्हणायचो, तो मला 'दिल्या, तू वाचलास तो माझ्यामुळे' म्हणायचा. त्याच्या सगळ्या धर्माचं सार एका कुलपात होतं. प्लांटमध्ये एखाद्या यंत्रावर काम करायचं असेल तर आधी त्याची वीज तोडतात आणि त्या बटणाची किल्ली एका लाल लोखंडी पेटीत टाकतात. मग कामावर असलेला प्रत्येक माणूस त्या पेटीला आपलं स्वतःचं कुलूप लावतो, खाली आपल्या नावाचा टॅग अडकवतो, आणि आपली किल्ली खिशात घालून कामाला जातो. दहा माणसं असतील तर दहा कुलपं. नऊ निघाली आणि एक राहिलं तरी पेटी उघडत नाही, यंत्र चालू होत नाही. आणि दुसऱ्याच्या कुलपाला कुणी हात लावायचा नाही, मग तो कितीही मोठा साहेब असो. ज्याचं त्याने काढायचं. अरविंद सांगायचा, जगात माणसाच्या जिवाला मोल आहे असं मानणारी एवढी एकच वस्तू मला भेटली.

बऱ्याच वर्षांपूर्वी त्याच्या हाताखाली एकाच देशातले दोन फोरमन होते. त्या देशाचं नाव मी लिहिणार नाही, तसा शब्द दिला आहे. दोघांचीही नावं लिहिणार नाही. अरविंद त्यांना त्यांच्या कुलपांच्या रंगांवरून निळा आणि पिवळा म्हणायचा, मीही तेच म्हणतो. दोघं एकाच खोलीत राहायचे, एकाच भांड्यात भात शिजवायचे. निळ्याची बायको वर्षभर इथे होती, तिला मोडकंतोडकं हिंदी यायचं, सुनंदावहिनींच्या हाताखाली ती पुरणपोळी लाटायला शिकली होती. एकदा प्लांट दुरुस्तीला बंद असताना, शटडाऊनमध्ये, काम संपलं, पेटीवरची सगळी कुलपं निघाली, एक निळं राहिलं. माणसाचा पत्ता नाही. वरून फोनवर फोन. सगळ्यांनी ठरवलं, विसरून खोलीवर गेला असेल. पिवळा स्वतः कुलूप तोडायची कात्री घेऊन आला. अरविंद पेटीला पाठ लावून उभा राहिला आणि मराठीत ओरडला, "थांबा!" कुणाला मराठी येत नव्हतं, पण सगळे थांबले. निळा सापडला तो टाकीच्या आत, उष्म्याने बेशुद्ध पडलेला. त्याला खांद्यावर टाकून बाहेर आणलं पिवळ्यानेच, आणि बाहेर आणल्यावर तो हातातल्या कात्रीकडे बघून ओकला. तेव्हापासून दोघांना एक मराठी शब्द यायचा, थांबा.

पुढे दोघं मायदेशी परतले आणि तिथे पेटलं. त्या देशात दोन वंशांची माणसं आहेत, उजळ आणि काळी, डोंगरातली आणि किनाऱ्यावरची. कित्येक पिढ्या एकमेकांच्या शेजारी राहिलेली. आता रस्त्यावर नाके उभे राहिले, नाक्यावर कागद बघत नव्हते, तोंड बघत होते. चुकीच्या नाकाचा, चुकीच्या केसांचा माणूस बसमधून उतरवला की परत चढायचा नाही. आपले हे दोघे शिकलेले, बाहेरचं जग पाहिलेले, त्यामुळे आपापल्या बाजूला ते पुढारी झाले. निळ्याच्या लोकांनी पिवळ्याचं गाव जाळलं. पिवळ्याच्या लोकांनी निळ्याचा धाकटा भाऊ मारला. टीव्हीवर एकदा अरविंदने मला पिवळ्याचं भाषण दाखवलं. भाषा कळत नव्हती, पण खालच्या पट्टीत इंग्रजी भाषांतर येत होतं आणि ते वाचवत नव्हतं. "हा माणूस माझ्याकडे बसून साबुदाण्याची खिचडी खायचा रे," अरविंद म्हणाला.

तीन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात, एकाच आठवड्यात, दोघांचेही फोन त्याला आले. एकमेकांना न विचारता. दोघांचं म्हणणं एकच होतं... बोलायचं आहे, पण मध्ये माणूस हवा, आणि सरांशिवाय दुसऱ्या कुणावर विश्वास नाही. दोन्हीकडे पकडलेली माणसं होती. जिवंत किती, मेलेली किती, कुठे पुरली, कुणालाच सांगता येत नव्हतं. आधी त्यांची यादी करायची, मग एक रस्ता आठ दिवस बंदुकीविना मोकळा ठेवून माणसं अदलाबदल करायची, जमलं तर पुढचं. अरविंदने मला हे सांगितलं तेव्हा मी चिडलोच. "लष्कराच्या भाकऱ्या भाजायला तुला कुणी सांगितलंय? मोठमोठी सरकारं हात टेकून बसलीत, आणि तू कोण? कळलं तर इकामा रद्द करून पुढच्या विमानात बसवतील." तो शांतपणे म्हणाला, "कुलूप माझ्यासमोर लागलेलं आहे दिल्या. मी आत माणूस आहे का ते न बघता घरी कसा जाऊ?" या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी म्हटलं, गाडी मी चालवीन.

जागा त्याचा फ्लॅटच ठरला आणि वेळ गणपतीची. हे डोकं वहिनींचं. अरविंदकडे पाच दिवसांचा गणपती असायचा, आणि त्या पाच दिवसांत दारात चपलांचा ढीग. कोण आलं, कोण गेलं, वॉचमनही विचारत नाही. ऑफिसातले मल्याळी, इजिप्तचे, फिलिपिनो, सगळे दर्शनाच्या नावाखाली मोदक खाऊन जातात. त्या ढिगात आणखी दोन जोड कुणाच्या डोळ्यावर येणार? दोघं व्हिजिट व्हिसावर आले. निळा पलीकडच्या मिरकाब भागात भाच्याकडे उतरला, पिवळा हॉटेलात. निळ्याला मी गाडीतून आणायचो, दुपारी, बाहेर पन्नास डिग्रीत कुत्रंही फिरकत नाही अशा वेळी. एक लिफ्टने वर यायचा, दुसरा जिन्याने. बाहेर मखरासमोर आरत्या, पोरांची इंग्रजीतली भांडणं, आणि आतल्या खोलीत दार लावून हे तिघे.

पहिले दोन दिवस ते एकमेकांशी बोललेच नाहीत. दोघंही अरविंदशी बोलायचे, अरविंद ते वाक्य उचलून समोरच्याला द्यायचा, जणू मधे भिंत आहे. मी चहा घेऊन आत गेलो की दोघं माझ्याकडे बघायचे, एकमेकांकडे नाही. तिसऱ्या दिवशी निळा उठला आणि म्हणाला, "माझ्या भावाला कुठे पुरलंय तेवढं याला विचारा, मग मी जातो." पिवळ्याने मान खाली घातली. मग तो थेट निळ्याला, त्यांच्या भाषेत, काहीतरी बोलला. दोघंही रडले. मी दारातून ट्रे तसाच परत आणला. त्यानंतर नावं सुरू झाली. एक नाव याचं, एक नाव त्याचं, वय, गाव, कुठे धरलं, शेवटचं कुणी पाहिलं. अरविंदने प्लांटमधल्या कामाच्या परमिटसारख्या रकान्यांत स्वतःच्या हाताने सगळं लिहिलं. एकच प्रत. दुसरी काढायला दोघांचाही विरोध होता, कारण कागद ज्याच्याकडे सापडेल त्याला त्याचेच लोक मारणार होते.

पाचव्या दिवशी दुपारी दोघांनी सह्या केल्या. यादी आणि रस्त्याचा करार अरविंदने प्लांटमधून घरी आणलेल्या जुन्या लाल पेटीत ठेवला, आणि मग कपाटातून ती दोन जुनी कुलपं काढली. इतकी वर्षं त्याने जपून ठेवली होती. निळं लागलं, पिवळं लागलं, तिसरं त्याचं स्वतःचं लाल. महिन्याभरात दोघांनी आपापल्या लोकांची संमती आणायची, तिघांनी मिळून पेटी उघडायची. तोवर कुणी एकट्याने काही करायचं नाही. किल्ल्या तिघांच्या खिशात. वहिनींनी उकडीचे मोदक आत पाठवले, एकच ताट, गडबडीत दुसरं रिकामं नव्हतं. आणि ते दोघं त्या एका ताटातून खाऊ लागले.

आता माझं. दर वर्षी विसर्जनाच्या आरतीचा फोटो मी काढतो. मंडळाचा बिनपगारी फोटोग्राफर, आणि मला त्याची हौसही फार. अरविंदने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, यंदा फोटो नाही. पण आरती संपली, सगळ्या पोरांनी नेमके त्याच दिवशी झब्बे घातलेले, बाया नटलेल्या, "दिलीपकाका, फोटो!" असा गलका झाला. मी म्हटलं, दोघं आतल्या खोलीत आहेत, हा तर बाहेरच्या खोलीचा फोटो आहे, काय होतंय? मी नीट बघून काढला. डोकी मोजून काढला. बादलीत विसर्जन झालं, मी घरी गेलो आणि फोटो ग्रुपवर टाकला, खाली 'पुढच्या वर्षी लवकर या'. मखरामागे वहिनींचं काचेचं शोकेस होतं. मोदक आत नेताना दार उघडं राहिलं होतं. काचेत आतली खोली दिसत होती, आणि खोलीत एका ताटावर वाकलेले दोघं, निळा हसतोय, पिवळ्याचा हात मोदकावर. पाच दिवसांत निळा एकदाच हसला असेल. तो मी टिपला.

ग्रुपमधल्या कुणीतरी तो स्टेटसला लावला. त्याच्या ऑफिसात त्या देशाचा एकजण होता... पुढचं काय सांगायचं. चार दिवसांत तो फोटो, मधली पोरं आणि गणपती कापून, काचेतला तुकडा मोठा करून, त्यांच्या देशात घरोघरी पोचला होता. शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी मी अरविंदकडे बसलो असताना पिवळ्याचा फोन आला. स्पीकरवर होता. "सर, फोटो कुणी काढला?" अरविंदने माझ्याकडे पाहिलं, एक क्षण, रागाने नव्हे, जसा तो गॅसच्या नळीकडे बघायचा तसा. आणि म्हणाला, "मी. माझी चूक झाली." मी तोंड उघडायला हवं होतं. समोरच बसलो होतो, दोन हातांच्या अंतरावर. मी बिस्किट चहात बुडवलेलं होतं, ते तुटून कपात पडलं, आणि मी ते चमच्याने काढत बसलो. फोन पलीकडून बंद झाला. अरविंद उठला आणि म्हणाला, "तुझ्यावर ते भडकले तर तुला ते ओळखत नाहीत. मला ओळखतात, माझं कदाचित ऐकतील."

दोन आठवड्यांनी निळ्याला त्याच्याच माणसांनी मारलं. शत्रूच्या ताटात जेवला म्हणून. पिवळा पळाला, कुठे ते कळलं नाही. महिन्याची मुदत गेली, रस्ता कधी उघडलाच नाही. त्या यादीतल्या नावांचं काय झालं हे विचारायला आता कुणी उरलं नव्हतं. पेटी दिवाणखान्यात, त्या शोकेसवर, तीन कुलपांसह. मी एकदा म्हणालो, "तोड ना, निदान यादी तरी कुठल्या संस्थेला देऊ." तो म्हणाला, "तोडलेल्या पेटीतला कागद कोण खरा मानेल? आणि निळं कुलूप माझं नाही." निळा मेला आहे, मी म्हणालो. "हो. पण त्याच्या घरची माणसं आहेत ना." त्यानंतर तीन वर्षं, दर शुक्रवारी दुपारी दोन वाजता, अरविंद पिवळ्याच्या जुन्या नंबरवर फोन लावायचा. रिंग जायची. पूर्ण वाजू द्यायचा, मग फोन ठेवून मला विचारायचा, "चहा?" मी दर शुक्रवारी तिथे असायचो, आणि दर शुक्रवारी घरून ठरवून निघायचो की आज म्हणायचं, अरविंद, त्यांना सांग, फोटो दिल्याने काढला. चहा यायचा, क्रिकेट निघायचं, आणि मी मूग गिळून घरी यायचो. असे किती शुक्रवार झाले याचा हिशोब मी करत नाही. तो गेला तो बुधवारी.

वहिनींचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, अरविंदच्या नावावर. तो गेला म्हणजे त्यांनाही गाशा गुंडाळणं आलं. गेल्या महिन्यात मी बांधाबांध करायला गेलो तेव्हा घर अर्धं खोक्यांत होतं. वहिनी शोकेस रिकामं करत होत्या. त्यांनी आपल्या जुडग्यातून अरविंदची किल्ली काढली, लाल कुलूप उघडलं आणि पदराने पुसून पर्समध्ये ठेवलं. "यांचं काम संपलं भाऊजी. हे मी नाशिकला नेते. पण पेटीचं काय करायचं?" खरं म्हणजे अम्गऱ्याच्या भंगार बाजारातून मी कुलूप तोडायची लांब दांड्याची कात्री आणून गाडीत ठेवलीच होती. मनात म्हणत होतो, तोडू, बघू, संपवू. तेवढ्यात बेल वाजली. दारात पिवळा. केस पांढरे, अंगावर दुसऱ्याचा असावा असा कोट. कुठल्याशा देशात लपून राहत होता, बातमी उशिरा कळली, दोन दिवसांच्या व्हिसावर आला होता. वहिनींच्या पाया पडला, मग खोक्यांमध्येच खाली बसला.

"फोन वाजायचा, मी बघायचो," तो म्हणाला. त्याचं बोलणं प्लांटमधल्या हिंदीतलं, अरविंदकडून शिकलेलं. "मी उचलला असता तर सर ये म्हणाले असते. ये म्हणाले असते तर मी आलो असतो, आणि परत गेल्यावर मलाही मारलं असतं. म्हणून उचलला नाही." वहिनी त्याच्यासाठी पाणी आणायला गेल्या. खोलीत तो आणि मी. मी म्हणालो, "तो फोटो मी काढला होता. अरविंदने नाही." तीन वर्षं घशात अडकलेलं वाक्य, आणि बाहेर आलं ते असं, खोकं बांधायची पट्टी हातात असताना. तो म्हणाला, "सरांनी नाही, ते आम्हाला माहीत होतं. सर परमिटसुद्धा हाताने लिहायचे, ते कसला फोटो पाठवतात? निळ्याने मला फोन केला होता, मरायच्या आधी, म्हणाला, सर कुणाला तरी पाठीशी घालताहेत. आमचं दोघांचं ते शेवटचं बोलणं." मी विचारलं, "मग मी तेव्हाच सांगितलं असतं तर?" मला वाटत होतं, तो म्हणेल, तर निळा वाचला असता, किंवा म्हणेल, जाऊ द्या, तुमचा काय दोष. दोन्हींतलं काहीही चाललं असतं. तो म्हणाला, "काही फरक पडला नसता. लोकांनी फोटो पाहिला. कुणी काढला ते कुणी विचारलं नाही."

मी गाडीतून कात्री आणली. ती बघताच तो दचकून उठला आणि दोन्ही हात पुढे करून म्हणाला, "थांबा!" इतक्या वर्षांनी, अरविंदच्याच सुरात. वहिनी पाण्याचा ग्लास घेऊन दारात आल्या होत्या, तिथेच भिंतीला टेकल्या. "एकदा मी कात्री आणली होती," तो म्हणाला. "ही तोडली तर माझे लोक म्हणतील कागद खोटा, त्याचे लोक म्हणतील कागद खोटा. अजूनही आया वाट बघताहेत, दोन्हीकडे. निळ्याची किल्ली त्याच्या बायकोकडे आहे, ती सीमेपलीकडे छावणीत राहते. माझा आवाज ती ऐकणार नाही." त्याने खिशातून तिचा नंबर लिहिलेला चिटोरा काढला आणि तो मला दिला. आपली किल्ली वहिनींच्या हातात ठेवली. मी त्याला विचारलं, हे सगळं लिहू का. तो म्हणाला, लिहा, फक्त आमचा देश लिहू नका, अजून तिथे माझी बहीण आहे. वहिनींनी त्याला जेवल्याशिवाय सोडलं नाही. तो एकटा एका ताटात जेवला.

वहिनी पिवळ्याची किल्ली माझ्या हवाली करून नाशिकला गेल्या. लाल पेटी आता माझ्याकडे आहे, टीव्हीशेजारी. निळं आणि पिवळं यांच्यामध्ये एक भोक रिकामं होतं. त्यात मी एक नवं कुलूप घातलं, साधं पितळेचं, खालच्या हार्डवेअरच्या दुकानातलं. अरविंदच्या कपाटात कोऱ्या टॅगची एक गड्डी मिळाली होती, इंग्रजीत आणि अरबीत छापलेले, 'माझ्याशिवाय कुणीही काढू नये.' नावाच्या रकान्यात मी माझं पूर्ण नाव लिहिलं. तिथे अरविंदचं नाव इतकी वर्षं होतं, माझं हवं होतं.

शुक्रवारी दुपारी दोन वाजता मी त्या चिटोऱ्यावरच्या नंबरवर फोन लावतो. पहिले दोन शुक्रवार नुसती रिंग गेली. तिसऱ्या शुक्रवारी एका बाईने उचलला. मी हिंदीत सांगितलं, खांबेटेसाहेब गेले. ती म्हणाली, "सुनंदादीदी कैसी है?" मी म्हणालो, बऱ्या आहेत. मग मी म्हणालो, तो फोटो मी काढला होता. तिकडे मागे कुणाचं तरी मूल रडत होतं... आणि फोन ठेवला गेला. त्यानंतर तिने उचललेला नाही. मी पूर्ण वाजू देतो. मग चहा टाकतो, सवयीने दोन कप, आणि पुढच्या शुक्रवारपर्यंत पेटीवरची धूळ पुसायची नाही असं ठरवूनही पुसतो.